चार्जिंगला लावायची नसलेली बॅटरी: हायब्रिड गाडी रोज चालवताना

हायब्रिड गाडी दारात आली की सोसायटीतल्या लोकांचे दोन प्रश्न ठरलेले. "चार्जिंगला कुठे लावता?" आणि "ॲव्हरेज किती देते?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे: कुठेच नाही, लावायला जागाच दिलेली नाही. दुसऱ्याचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही. तीच गाडी कोथरूडहून स्वारगेटला जाताना एक आकडा दाखवते, द्रुतगती मार्गावर दुसरा आणि घाट चढताना तिसरा, आणि तिन्ही खरे असतात. असं का होतं ते एकदा कळलं की ही गाडी घ्यावी का, घेतली तर कशी चालवावी आणि शोरूममधल्या माणसाचं बोलणं किती मनावर घ्यावं, हे बरंचसं आपलं आपल्याला ठरवता येतं.

सगळी ऊर्जा पेट्रोलचीच

आपल्याकडे सर्रास विकल्या जाणाऱ्या हायब्रिड गाड्यांमध्ये ऊर्जा आत यायची वाट एकच, पेट्रोलच्या टाकीचं झाकण. बॅटरीत जी वीज असते ती एक तर इंजिनाने बनवलेली, नाहीतर ब्रेक लावताना परत मिळवलेली. आणि ज्या वेगातून ती परत मिळवली तो वेगही मुळात पेट्रोल जाळूनच आलेला. भिंतीतल्या प्लगवर चार्ज होणारी प्लग-इन हायब्रिड हा वेगळा प्रकार. तो चीनमध्ये आणि युरोपात भरपूर दिसतो, आपल्याकडे अगदी महागड्या गाड्यांपुरताच आहे. म्हणूनच हायब्रिडला इलेक्ट्रिक गाडीसारखी हिरवी नंबरप्लेट मिळत नाही, पांढरीच मिळते.

मग फायदा येतो कुठून? पेट्रोल वाया जायचं थांबतं, तेवढाच फायदा. हे वाक्य लक्षात राहिलं तर पुढचं सगळं सोपं आहे.

शहरात चालणाऱ्या साध्या पेट्रोल गाडीत जळलेल्या पेट्रोलच्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने पाचवा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो. बाकीची उष्णता होऊन सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून निघून जाते. जो पाचवा हिस्सा पोचला, त्यातलाही मोठा भाग पुढच्या सिग्नलला ब्रेकच्या डिस्क तापवण्यात जातो. जरा हिशेब करून पाहू. माणसांसकट चौदाशे किलोची गाडी ताशी ५० किलोमीटरने धावत असेल तर तिच्या वेगात सुमारे १३५ किलोज्यूल ऊर्जा साठलेली असते. ती चाकांवर आणायला, वरच्या पाचव्या हिश्श्याच्या हिशेबाने, साधारण २० मिलिलिटर पेट्रोल जाळावं लागतं. म्हणजे ५० च्या वेगात येऊन कचकन ब्रेक मारला की चार छोटे चमचे पेट्रोल गेलं. कर्वे रस्त्यावर असे दहा सिग्नल लागले की २०० मिलिलिटर, आजच्या भावाने वीस रुपये, नुसते थांबण्यात.

हायब्रिड गाडीत ब्रेक पेडल हलकं दाबलं की आधी ब्रेकचे पॅड डिस्कला लागतच नाहीत. चाकांना जोडलेली मोटर उलट्या कामाला लागते, जनरेटर होते, आणि तिने वीज बनवताना जो विरोध होतो त्याने गाडीचा वेग कमी होतो. त्या वीस रुपयांतले निम्म्याच्या आसपास परत खात्यावर येतात. पूर्ण येत नाहीत. मोटर, वायरिंग, बॅटरी प्रत्येक जण आपली कटती कापून घेतो.

वाया जाण्याची दुसरी जागा म्हणजे उभ्या गाडीत चालू असलेलं इंजिन. तिसरी फारशी कुणी बोलून दाखवत नाही, पण माझ्या मते सगळ्यात मोठी तीच: रखडत चाललेल्या गाडीतलं इंजिन. पेट्रोल इंजिन मध्यम-जास्त भाराखाली चांगलं काम करतं. दहा-पंधराच्या वेगाने पुढच्या रिक्षामागे सरपटताना ते पेट्रोल पितं भरपूर आणि काम करतं किरकोळ. हायब्रिडचा संगणक अशा वेळी इंजिन सरळ बंद करतो आणि मोटरवर गाडी ढकलतो. बॅटरी उतरली की इंजिन चालू करतो, पण मग त्याला नुसतं रखडू देत नाही. थोडा जास्त भार देऊन गाडीही पुढे नेतो आणि बॅटरीही भरून घेतो. इंजिन चालायचंच तर जिथे त्याला परवडतं तिथे चालवायचं, असा सगळा बेत असतो.

नावात हायब्रिड सगळ्यांच्याच

शोरूममध्ये सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. मारुतीने २०१५ मध्ये सियाझवर हायब्रिडचं लेबल लावलं तेव्हापासून हा शब्द आपल्याकडे सैल झाला. ती माइल्ड हायब्रिड. त्यात इंजिनाला पट्ट्याने जोडलेलं एक स्टार्टर-कम-जनरेटर असतं. सिग्नलला इंजिन बंद करणं, परत धक्का न देता चालू करणं, पिकअपच्या वेळी किंचित हातभार लावणं, एवढंच त्याचं काम. नुसत्या मोटरवर ही गाडी फूटभरही जात नाही. ॲव्हरेज वाढतं, पण थोडंच. मारुती सुझुकीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर या जुळ्या गाड्या २०२२ पासून दोन्ही प्रकारांत मिळू लागल्या, त्यामुळे "माझी पण हायब्रिडच आहे, मला तर तेरा-चौदाच देते" अशी तक्रार करणाऱ्याला आधी व्हेरिअंट विचारावा.

ज्या गाडीत मोटर एकटी गाडी ओढू शकते ती स्ट्राँग हायब्रिड. हायरायडर-ग्रँड विटाराच्या वरच्या व्हेरिअंटमध्ये दीड लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन आणि सुमारे ८० अश्वशक्तीची मोटर आहे. इनोव्हा हायक्रॉसमध्ये दोन लिटरचं इंजिन आहे. होंडा सिटीची हायब्रिड मे २०२२ मध्ये आली. तिची रचना जरा निराळी: शहरात इंजिन बहुतेक वेळ नुसता जनरेटर म्हणून चालतं आणि चाकं मोटरच ओढते, हायवेला वेग स्थिरावला की क्लच लागून इंजिन थेट चाकांना जोडलं जातं.

टोयोटा पद्धतीत इंजिन, जनरेटर आणि मोटर या तिघांना एका ग्रहमालेसारख्या गिअरसंचात बसवलेलं असतं. मधलं एक चाक, त्याभोवती फिरणारी छोटी चाकं आणि बाहेरचं कडं, एवढाच तो संच. कोण किती फिरतो यावर वेग ठरतो, त्यामुळे गिअर बदलणं हा प्रकारच उरत नाही. याला ई-सीव्हीटी म्हणतात. सीव्हीटी म्हणजे गिअरचे टप्पे नसलेला, पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. नाव ऐकून लोक त्या साध्या सीव्हीटीतल्या पट्ट्याची काळजी करतात, पण इथे पट्टा नाही, क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटरही नाही. मोडायच्या गोष्टी कमीच झाल्या आहेत. याच पद्धतीची पहिली प्रियस टोयोटाने जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये आणली, म्हणजे हे काही कालपरवाचं तंत्र नव्हे. भारतातसुद्धा होंडाने २००८ मध्ये सिव्हिक हायब्रिड आणली होती. तेव्हा किंमत ऐकूनच लोक मागे फिरले.

इंजिनही जरा वेगळ्या जातीचं असतं. जेम्स ॲटकिन्सन या ब्रिटिश अभियंत्याच्या १८८० च्या दशकातल्या कल्पनेवरून त्याला ॲटकिन्सन सायकल इंजिन म्हणतात. आत घेतलेल्या हवेतली थोडी परत बाहेर जाऊ द्यायची आणि स्फोटानंतरचा ढकला मात्र पुरता वसूल करायचा, ही त्यातली युक्ती. पेट्रोल कमी लागतं, पण खालच्या आरपीएमला जोर कमी पडतो. साध्या गाडीत असं इंजिन घातलं तर सिग्नलवरून निघताना मागचे हॉर्न वाजवतील. इथे तो कमी पडलेला जोर मोटर भरून काढते.

पाऊण युनिटची बॅटरी

आता त्या बॅटरीकडे. हायरायडर-ग्रँड विटाराची बॅटरी ०.७६ किलोवॅट-तासांची आहे. महावितरणच्या बिलावर जे एक युनिट असतं ते म्हणजे एक किलोवॅट-तास, तेव्हा ही जेमतेम पाऊण युनिट. नेक्सॉन ईव्ही या इलेक्ट्रिक गाडीच्या लहान बॅटरीतसुद्धा ३० युनिटं मावतात. हायब्रिडची बॅटरी बँकेतली ठेव नव्हे, खिशातले सुटे पैसे आहेत: एका सिग्नलला आले, पुढच्या चौकात गेले. त्यातही संगणक ती पुरती भरू देत नाही आणि पुरती रिकामीही होऊ देत नाही. मधल्या पट्ट्यातच खेळवतो, कारण दोन्ही टोकांना गेली की बॅटरीचं आयुष्य घटतं. नुसत्या विजेवर, हळू आणि सपाट रस्त्यावर, दोन-तीन किलोमीटर जाता येतं. ईव्हीचं बटण असतं. पहाटे सोसायटीतून आवाज न करता बाहेर पडायला ते बरं, त्यापलीकडे त्याचा फार उपयोग मला दिसलेला नाही.

ही बॅटरी किती लहान आहे हे बघायचं तर बोरघाट उतरावा. लोणावळ्याहून खोपोलीपर्यंत गाडी साडेपाचशे मीटरपेक्षा जास्त खाली उतरते. चौदाशे किलो वजन इतकं खाली आलं की हिशेबाने दोन युनिटं ऊर्जा मोकळी होते. निम्मी हवा आणि टायर खातात असं धरलं तरी एक युनिट उरतं, आणि ठेवायला जागा अर्ध्या युनिटाचीही नाही. त्यामुळे घाटाच्या मध्यावरच मीटरवरची बॅटरी काठोकाठ भरते. आणि मग गाडी एकदम मोठा आवाज करू लागते. ॲक्सिलरेटरवर पाय नाही, उतार आहे, तरी इंजिन गरगरतंय. पहिल्यांदा ऐकणारा घाबरतो. होतं एवढंच की वीज ठेवायला जागा उरली नाही म्हणून संगणक इंजिनाला पेट्रोल न देता नुसतं फिरवतो आणि त्याच्या विरोधाने गाडी आवरतो, म्हणजे आपलं जुनं इंजिन ब्रेकिंग. गिअरच्या दांड्यावर 'बी' असेल तर तो याचसाठी, लांब उतारासाठी. सपाटीवर 'बी' टाकून ॲव्हरेज वाढत नाही, उलट घटतं.

याच घाटात एक जुनी खोड मोडावी लागते. उतार लागला की न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवायचं, हे आपल्याकडच्या ड्रायव्हरांच्या हाडीमाशी खिळलेलं आहे. कोणत्याही गाडीत ते धोक्याचं, पण हायब्रिडमध्ये तर तोट्याचंही. न्यूट्रलमध्ये बॅटरी भरतच नाही. सिग्नललाही तेच. 'डी'मध्ये ब्रेक धरून उभं राहावं, इंजिन तसंही बंदच असतं.

चढताना चित्र उलटं. खोपोलीहून वर येताना सुरुवातीला मोटर जोर लावते, बॅटरी उतरते, आणि मग तीन सिलिंडरचं इंजिन एका सुरात ओरडत राहतं. वेग वाढत नाही आणि आवाज मात्र वाढतो, असं वाटतं. गिअरचे टप्पे नसल्यामुळे कानाला ते विचित्र लागतं. गाडीत बिघाड नसतो. पाच माणसं आणि सामान घेऊन वारंवार घाट चढणाऱ्याने मात्र घेण्याआधी तिथेच चालवून बघावी. हायक्रॉसला हा त्रास बराच कमी, तिचं इंजिनच मोठं आहे.

पाय कसा ठेवायचा

ॲव्हरेज वाढवायचा मुख्य मंत्र ब्रेकमध्ये आहे. पुढचा सिग्नल लाल दिसला की लांबूनच हलका ब्रेक धरावा. हळूहळू थांबलात तर बहुतेक ऊर्जा मोटरकडे जाते. शेवटच्या क्षणी जोरात दाबलात तर मोटरला तेवढं ओढता येत नाही आणि खरे ब्रेक लागतात, म्हणजे चमच्यातलं पेट्रोल गेलं. मीटरवर एक 'चार्ज'चा पट्टा असतो. काटा त्या पट्ट्यात राहील इतपतच दाबायचं. आठवड्याभरात पायाला सवय होते.

निघताना मात्र उगाच कुथत निघू नये. बरेच नवे मालक इंजिन चालू होऊ नये म्हणून ॲक्सिलरेटरला जेमतेम स्पर्श करत राहतात आणि मागे रांग लावतात. त्याने होतं काय, तर बॅटरी उतरते आणि पुढे इंजिनाला ती भरत बसावं लागतं. नीट वेग घ्यावा आणि मग पाय हलका करावा. इंजिन आपण होऊन बंद होतं आणि गाडी विजेवर तरंगते. प्रवास संपल्यावर मीटर "इतके टक्के वेळ विजेवर चाललात" असं दाखवतं. त्या टक्क्यांवर मित्रमंडळींत फार पैजा लागतात, पण तो शोभेचा आकडा आहे. ट्रॅफिकमध्ये उभं राहिलेला वेळही कधी कधी त्यात धरलेला असतो. बघायचा तो पेट्रोलचा आकडा, आणि तोही टाकी फुल-टू-फुल भरून स्वतः काढलेला.

एसीची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण एप्रिल-मे महिन्यात रोजच्या वापरात सर्वांत जास्त जाणवणारा फरक तो आहे. साध्या गाडीत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो. इंजिन बंद, की थंड हवा बंद. स्ट्राँग हायब्रिडमध्ये तो विजेवर चालतो, त्यामुळे चांदणी चौकात अर्धा तास अडकलात तरी इंजिन बंद आणि गाडी गार. मधूनच इंजिन दोन-तीन मिनिटं चालू होतं, बॅटरी भरतं, परत झोपतं. माइल्ड हायब्रिडमध्ये ही सोय नाही. सिग्नलला इंजिन थांबलं की पंखा तेवढा फिरतो, आणि आत गरम झालं की एसीसाठी इंजिन उठतं.

फायदा कमी होतो अशा दोन जागा आहेत. एक, मोकळा हायवे. द्रुतगती मार्गावर शंभरच्या स्थिर वेगाने जाताना ना थांबणं, ना रखडणं, ना ब्रेक. वायाच काही जात नाही, तर वाचवणार काय? शहरात बावीस-तेवीस देणारी गाडी तिथे अठरा-एकोणीसवर येते. साध्या पेट्रोल गाडीचं नेमकं उलट असतं, त्यामुळे जुन्या सवयीने हायवेला जास्त ॲव्हरेजची अपेक्षा ठेवणारे हिरमुसतात. दुसरी जागा म्हणजे अगदी छोटी फेरी. सकाळी गार इंजिनावर निघालात की पहिली काही मिनिटं ते चालूच राहतं, कारण सायलेन्सरमधला धूर शुद्ध करणारा भाग तापल्याशिवाय काम करत नाही. दोन किलोमीटरवरच्या शाळेत मुलाला सोडून परत येणं एवढाच वापर असेल, तर इंजिन बंद व्हायची वेळ येते तोवर घर आलेलं असतं.

आणि कंपनीचा अधिकृत आकडा? हायरायडर-ग्रँड विटारासाठी तो लिटरला २७.९७ किलोमीटर आहे. तो खोटा नाही, पण रस्त्यावरचाही नाही. पुण्यातल्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेत गाडी रोलरवर चढवून ठरलेल्या वेगांच्या तालावर चालवतात. वेग नव्वदच्या वर जात नाही, एसी बंद असतो, खड्डे नसतात, आणि मध्येच आडवी येणारी दुचाकीही नसते. दोन गाड्यांची आपसांत तुलना करायला तो आकडा कामाचा, घरखर्चाचं अंदाजपत्रक करायला नाही.

घरात ठेवताना

सर्व्हिसिंग पेट्रोल गाडीसारखंच, खर्चही साधारण तसाच. ब्रेक पॅड मात्र फार टिकतात, कारण ते वापरलेच जात नाहीत. त्याचीच दुसरी बाजू म्हणजे डिस्कवर गंज. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात गाडी चार दिवस उभी राहिली की डिस्क तांबूस होतात आणि सकाळी पहिला ब्रेक खरखरतो. मोकळा रस्ता बघून दोन-तीनदा जरा जोरात ब्रेक लावला की साफ होतं.

मोठ्या बॅटरीला स्वतःचा पंखा असतो आणि तो बऱ्याच गाड्यांत केबिनमधली हवा ओढतो. त्याची जाळी बहुधा मागच्या सीटच्या आसपास असते. तिथे पिशवी, चादर, कुत्र्याचे केस अडकले की बॅटरी तापते. जाळी कुठे आहे ते डिलिव्हरीच्या दिवशीच विचारून घ्यावं आणि सर्व्हिसिंगला साफ करवून घ्यावी. भारतात सुझुकी आणि टोयोटा या बॅटरीला आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर वॉरंटी देतात.

गाडी बंद पाडते ती बहुतेक वेळा मोठी बॅटरी नव्हे, तर छोटी १२ व्होल्टची. दिवे, संगणक, दरवाज्यांची कुलपं तिच्यावर असतात, आणि ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी 'रेडी' होत नाही, म्हणजे निघायला तयार असल्याचा मीटरवरचा दिवाच लागत नाही. दिवाळीच्या सुट्टीत गावाला जाऊन तीन आठवड्यांनी परत आलं की हा अनुभव येतो. लांब जाणार असाल तर कुणालातरी आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास फिरवून आणायला सांगा. दुसऱ्या गाडीवरून जम्प देऊन ती चालू करता येते. पण आपल्या हायब्रिडवरून दुसऱ्याची गाडी चालू करून देऊ नये. मालकाच्या पुस्तिकेत तसं बजावलेलं असतं, शेजारी नाराज झाला तरी चालेल.

'रेडी' दिव्याबद्दल गंभीरपणे सांगण्यासारखं आहे. इंजिन बंद असल्यामुळे गाडी चालू आहे हे विसरून लोक उतरून जातात. मग बॅटरी उतरली की बंद गॅरेजमध्ये इंजिन आपोआप चालू होतं आणि विषारी धूर साठत राहतो. उतरताना दिवा विझला का हे बघायची सवय घरातल्या सगळ्यांनी लावून घ्यावी, विशेषतः ज्यांच्या बंगल्यात गॅरेज खाली आणि खोल्या वर आहेत त्यांनी.

पावसात साठलेल्या पाण्याचं काय? उच्च दाबाच्या तारा नारिंगी रंगाच्या असतात आणि सगळं बंदिस्त असतं, त्यामुळे साध्या पावसाने किंवा धुण्याने काही होत नाही. खरा धोका नेहमीचाच, इंजिनात पाणी शिरण्याचा. फरक इतका की साध्या गाडीत इंजिन चालू ठेवायचं का बंद, हे तुम्ही ठरवता. इथे संगणक ठरवतो, आणि तो नेमका गुडघाभर पाण्यात इंजिन चालू करू शकतो. मिलन सबवेसारख्या ठिकाणी 'बघू तरी' म्हणून घालू नये. विम्यात इंजिन प्रोटेक्ट घ्यावं आणि हायब्रिड बॅटरी त्यात धरली आहे का, हे एजंटाकडून लिहून घ्यावं. आणि हो, बाहेरच्या दुकानात हॉर्न, दिवे, अ‍ॅम्प्लिफायर बसवताना कुणी नारिंगी तारेच्या जवळ कटर नेला तर गाडी तशीच घेऊन घरी यावं.

डिकी हा दुखरा विषय. ग्रँड विटारात माइल्ड हायब्रिडला ३७३ लिटरची डिकी मिळते, स्ट्राँगला २६५, कारण बॅटरी तिथेच बसवली आहे. सिटीत तर ५०६ वरून ३०६. गावाहून तांदळाचं पोतं आणि आंब्याच्या पेट्या आणायच्या तर मागची सीट पाडावी लागते. हायक्रॉसमध्ये बॅटरी पुढच्या सीटखाली आहे, तिथे हा प्रश्न नाही.

पैसे वसूल कधी?

कराच्या बाबतीत हायब्रिडला फारसं झुकतं माप नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर जीएसटी ४० टक्के आहे, त्याआधी उपकर धरून ४३ होता. इलेक्ट्रिकवर ५ टक्के. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडला नोंदणी कर माफ केला, तेव्हा आपल्याकडेही होईल अशी आशा अनेकांना वाटली होती.

आता हिशेब. समजा त्याच गाडीच्या पेट्रोल ऑटोमॅटिकपेक्षा स्ट्राँग हायब्रिड दोन लाखांनी महाग आहे आणि पेट्रोल १०४ रुपये. वर्षाला १२,००० किलोमीटर, बहुतेक शहरात. पेट्रोल गाडी १२ चं ॲव्हरेज देते असं धरलं तर हजार लिटर लागतील, १,०४,००० रुपये. हायब्रिडने २१ दिलं तर ५७१ लिटर, साधारण ५९,४०० रुपये. वर्षाला ४४-४५ हजार वाचले, दोन लाख साडेचार वर्षांत वसूल. हेच १२,००० किलोमीटर हायवेचे असतील आणि ॲव्हरेज १६ विरुद्ध २० असेल, तर वर्षाला १५० लिटरच वाचतात, म्हणजे १५,६०० रुपये. वसुलीला जवळजवळ तेरा वर्षं! आणि शहरातच पण वर्षाला ६,००० किलोमीटर चालवत असाल तर नऊ वर्षं. गाडी तीच, पेट्रोलचा भाव तोच. स्वतःचे आकडे घालून हा हिशेब कागदावर करा, पाच मिनिटांचं काम आहे.

खालच्या मजल्यावर स्वतःचं पार्किंग आहे, तिथे चार्जरचं कनेक्शन मिळतंय आणि रोजचं जाणंयेणं शहरातच आहे, अशा माणसाला मी हायब्रिड घे असं सांगणार नाही. घरच्या विजेवर इलेक्ट्रिक गाडी किलोमीटरला दीड-दोन रुपयांत जाते, हायब्रिडला पाच रुपये लागतात. सीएनजी साडेतीन-चारमध्ये जाते, पण पंपावरची रांग आणि घाटातला मंदावलेला पिकअप सोसायची तयारी हवी. हायब्रिड ज्याला शोभते तो माणूस असा: सोसायटी चार्जरला परवानगी देत नाही, ऑफिसला जायला रोज तास-दीड तास ट्रॅफिकमध्ये जातो, ऑटोमॅटिक तर हवीच आहे, आणि वर्षातून चार-सहा वेळा सोलापूर किंवा रत्नागिरीला चार्जिंग स्टेशन न शोधता जायचं आहे. ठाणे, पिंपरी-चिंचवड, बेंगळुरूत असे पुष्कळ आहेत. पैशाचं गणित बाजूला ठेवलं तरी सिग्नलला गाडीतली शांतता आणि न धडधडणारं स्टिअरिंग यासाठी दोन लाख मोजायला तयार असणारेही भेटतात. तोही हिशेबच आहे, फक्त रुपयांत मांडता येत नाही.

टेस्ट ड्राइव्ह घ्यायला गेलात तर शोरूमची ठरलेली दोन किलोमीटरची चक्कर मारून परत येऊ नका. इंजिन आधीच तापवून आणि बॅटरी भरून ठेवलेली असते, त्या चक्करीत कोणतीही हायब्रिड चाळीसचं ॲव्हरेज दाखवेल. ट्रिप मीटर शून्यावर आणायला सांगा आणि तुमच्या ऑफिसच्या रस्त्याने, तुमच्या वेळेला, एसी लावून निदान वीस किलोमीटर चालवा. सेकंडहँड घेत असाल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून हायब्रिड बॅटरीच्या तपासणीचा अहवाल मागा, वॉरंटीची किती वर्षं आणि किती किलोमीटर उरले ते बघा, आणि ती गाडी महिनोन्‌महिने उभी होती का हे वॉचमनला विचारा. मालकापेक्षा तो जास्त खरं सांगतो.